महंमद तुघलकाचें वेड : एक शालेय प्रश्न

गेल्या हिंवाळ्यांत देवगिरीच्या किल्ल्यापासून फार दूर नसलेल्या एका शाळेंत जाण्याचा योग आला. तेथील इतिहासाचे शिक्षक प्रस्तुत लेखकाचे जुने स्नेही. संग्रहांतील चार नाणीं मुलांस दाखवावीं, दोन शब्द बोलावे, एवढेंच निमित्त होतें. वर्गांत पाऊल टाकलें तों फळ्यावर ठळक अक्षरांत लिहिलेलें दिसलें : ‘वेडा महंमद व त्याचीं पांच वेडीं कृत्यें.’ मुलांनीं तीं पांचहि कृत्यें न अडखळतां म्हणून दाखविलीं. राजधानी दिल्लीहून देवगिरीस हालविली, तांब्यापितळेचें नाणें चांदीच्या भावानें चालविलें, दुआबांत कर वाढविला, खुरासान जिंकण्यासाठीं फौज ठेवली, आणि हिमालयांत फौज धाडून ती मारविली. पाठ संपतांच दुसऱ्या बांकावरील एका मुलीनें विचारलें, “गुरुजी, तो वेडा होता तर त्याला सव्वीस वर्षें राज्य कोणीं करूं दिलें?” गुरुजींनीं माझ्याकडे पाहिलें आणि मीं खिडकींतून बाहेर पाहिलें.

हा प्रश्न आमच्या मंडळींपुढें मुद्दाम मांडावासा वाटतो. कारण, त्याचें उत्तर क्रमिक पुस्तकांत नाहीं. तें हस्तलिखितांच्या परंपरेंत आहे. महंमद बिन तुघलक इ. स. १३२५ त तख्तावर बसला व १३५१ च्या मार्चांत सिंधु नदीच्या कांठीं ठठ्ठ्यानजीक वारला. तो शहाणा होता कीं वेडा, हा वाद पुष्कळांनीं पुष्कळ वेळां घातला आहे आणि त्यांत आणखी एका मताची भर घालण्याची प्रस्तुत लेखकास हौस नाहीं. परंतु त्याची जी अपकीर्ति मुलांच्या तोंडीं बसली आहे तिची घडण बहुतांशीं दक्षिणेंत, आमच्याच मुलखांत, झाली आहे, ही गोष्ट फारशी कोणी ध्यानांत घेत नाहीं. देवगिरीच्या सावलींत बसून तो धडा म्हणणाऱ्या मुलांस तर ती प्रथम कळली पाहिजे.

पहिला साक्षीदार इसामी. राजधानी हालली तेव्हां, म्हणजे १३२७ च्या सुमारास, हा सोळा वर्षांचा मुलगा होता. त्याचा आजा नव्वद वर्षांचा. ह्या वृद्ध गृहस्थास दिल्लींतील घरांतून उठवून काफिल्याबरोबर चालविलें आणि दिल्लीपासून पहिल्याच मुक्कामीं, तिलपत येथें, त्यानें प्राण सोडला. नातू मात्र दौलताबादेस पोंचला व पुन्हां दिल्लीस गेला नाहीं. पुढें वीस वर्षांनीं दक्षिणेंतील अमीरांनीं बंड करून १३४७ च्या ऑगस्टांत दौलताबादेस हसन यास अलाउद्दीन बहमनशहा म्हणून तख्तावर बसविलें. ह्या नव्या राजाच्या आश्रयानें इसामीनें ‘फुतूह-उस्-सलातीन’ हें सुमारें बारा हजार बेतांचें काव्य रचून १३५० त पुरें केलें. त्यांत महंमदास जुलमी व धर्मभ्रष्ट ठरविलें आहे, आणि दिल्लीहून निघालेल्यांपैकीं दहांतील एकच दौलताबादेस पोंचला असें म्हटलें आहे. आतां, ह्या साक्षीदाराचें दुःख खरें आहे यांत संशय नाहीं. आज्याचें प्रेत ज्यानें वाटेंत ठेविलें त्यास सुलतानाची स्तुति करा असें कोण म्हणेल? पण त्याचा धनी बंडानें राजा झालेला, आणि ज्याच्याविरुद्ध बंड केलें तो जितका दुष्ट ठरेल तितकें बंड न्याय्य ठरणार, हेंहि तितकेंच खरें आहे. शोक आणि स्वार्थ हे दोन्ही एकाच शाईंत कालविले गेले आहेत. ते निराळे कसे करावे हीच ह्या काव्याची अडचण आहे. हा ग्रंथ फार काळ अज्ञातवासांतच होता. लंडनच्या इंडिया ऑफिस संग्रहांतील प्रतीच्या आधारें आगा महदी हुसेन यांनीं तो १३३८ साली नव्हे, तर आपल्या काळांत, १९३८ सालीं आग्र्यास छापला आणि १९४८ त मद्रासेस त्याची दुसरी आवृत्ति निघाली. म्हणजे रचनेपासून छापखान्यापर्यंत येण्यास त्यास पावणेसहाशें वर्षांवर लागलीं.

दुसरा साक्षीदार झियाउद्दीन बरनी, आणि मुलांनीं पाठ केलेल्या यादीचा खरा जनक हाच. हा सतरा वर्षांवर सुलतानाचा नदीम, म्हणजे दरबारांतील सोबती, होता. सुलतान वारल्यावर त्याचे दिवस फिरले. फिरोजशहाच्या अमदानींत तो दरबारांतून उतरला, कैदेंत पडला, आणि दारिद्र्यांत त्यानें ‘तारीख-इ-फिरोजशाही’ लिहिली. ग्रंथ १३५७ त पुरा झाला तेव्हां तो चौऱ्याहत्तर वर्षांचा होता. ह्या ग्रंथांत सुलतानाच्या योजना एकापुढें एक मांडून प्रत्येक कशी फसली हें सांगितलें आहे. परंतु त्या कोणत्या सालीं झाल्या, कोणती आधीं व कोणती मागाहून, याचा पत्ता बहुधा नाहीं. बरनीस कालक्रम नको होता, तात्पर्य हवें होतें. तत्त्वज्ञानाच्या नादीं लागलेल्या, शास्त्री-मौलवींचें न ऐकणाऱ्या व हलक्या कुळांतील माणसांस मोठ्या जागा देणाऱ्या राजाचें काय होतें हें त्यास दाखवावयाचें होतें. पैकीं शेवटचा राग त्याच्या लिखाणांत वारंवार उसळतो. शाळेंतील पुस्तकांनीं त्याचें तात्पर्य टाकून दिलें व कालक्रमरहित यादी तेवढी उचलली. यामुळें सव्वीस वर्षांत पांगलेलीं कृत्यें एका आठवड्यांत केल्यासारखीं दिसूं लागलीं, आणि मग तीं करणारा वेडा वाटला तर नवल नाहीं.

तथापि बरनी स्वतः महंमदास वेडा म्हणत नाहीं. त्याच्या विद्वत्तेचें, हस्ताक्षराचें, स्मरणशक्तीचें, दातृत्वाचें तो तोंडभर वर्णन करतो, आणि असा पुरुष इतके जीव घेतो कसा याचा उलगडा न झाल्यामुळें थक्क होतो. त्याहून महत्त्वाची त्याची कबुली आहे. आपण व आपल्यासारखे दरबारी लोक जिवाच्या भीतीनें व पैशाच्या लोभानें सुलतानाच्या तोंडावर खरें बोललों नाहीं, उलट त्याच्या शिक्षांस शास्त्राधार काढून देत गेलों, असें तो म्हाताराणीं लिहून ठेवतो. एवढी प्रांजल कबुली मध्ययुगीन तवारिखांत क्वचित् सांपडेल. सुलतानाच्या अखेरच्या वर्षांत दोघांचें बंडांविषयीं बोलणें झालें, तेव्हां सुलतानानें आपल्या राज्यास रोग्याची उपमा दिली व एक दुखणें आवरावें तों दुसरें उठतें असें म्हटल्याचें तो सांगतो. हें संभाषण शब्दशः झालें असेल असें नाहीं. पण तें सांगणारा मनुष्य वेड्याबरोबर बसला होता असें वाटत नाहीं.

संग्राहकांच्या दृष्टीनें येथें एक गोष्ट विशेष आहे. बरनीनें हा ग्रंथ दोन वेळां सिद्ध केला. आधींच्या पाठाच्या प्रती ऑक्सफर्ड येथील बॉडलेयन ग्रंथालयांत व रामपूरच्या रझा ग्रंथालयांत आहेत, आणि महंमदाच्या कारकीर्दीच्या कथनांत तो मागाहूनच्या पाठाहून पुष्कळ निराळा पडतो. सय्यद अहमदखान यांनीं १८६२ त कलकत्त्यास छापविला तो मागाहूनचा पाठ. एलियट व डाउसन यांनीं १८७१ त ज्याचें भाषांतर दिलें तोहि तोच. म्हणजे शंभर-दीडशें वर्षें सर्व हिंदुस्थानांतील मुलें जें शिकलीं तें म्हाताऱ्या बरनीच्या दुसऱ्या विचारांवर आधारलेलें होतें. पोथीचा पाठ कोणता, हा प्रश्न केवळ पंडितांच्या करमणुकीचा आहे असें ज्यांस वाटतें त्यांनीं हें एक उदाहरण ध्यानांत ठेवावें.

तिसरा साक्षीदार परदेशी. इब्न बतूता १३३३ त सिंधु उतरून आला, दिल्लीचा काजी झाला, सुलतानाच्या खजिन्यांतून यथेच्छ पैसा त्यानें खर्चिला, एकदां मर्जी फिरून त्याच्यावर पहाराहि बसला, आणि १३४२ त चीनकडे वकील म्हणून निघाला तो परतला नाहीं. आपला वृत्तान्त त्यानें १३५५ त मोरोक्कोंत लिहविला. दिल्ली ओस पडल्याची जी गोष्ट सर्वांस ठाऊक आहे, एक आंधळा घसटत नेला व दौलताबादेस त्याचा फक्त पाय पोंचला, ती याचीच. पण हा गृहस्थ दिल्लींत आला तो त्या घटनेनंतर सहा-सात वर्षांनीं. त्यानें ती ऐकली, पाहिली नाहीं. उलट, एका हिंदु सरदारानें आपल्या भावास विनाकारण मारल्याबद्दल सुलतानावर फिर्याद केली असतां सुलतान निःशस्त्र व पायीं काजीपुढें उभा राहिला, आणि एका मुलास अन्यायानें मारल्याबद्दल त्यानें त्याच मुलाकडून एकवीस छड्या खाल्ल्या, ह्याहि कथा इब्न बतूताच सांगतो. ह्या मात्र क्रमिक पुस्तकांत आल्या नाहींत. राजवाड्याच्या दारीं प्रेतें पडलेलीं असत हेंहि तोच सांगतो. मोरोक्कोंत त्यास भिण्याचें कारण नव्हतें आणि आर्जवाचेंहि नव्हतें. म्हणून त्याची डोळ्यांदेखतची साक्ष मोलाची, व ऐकीव साक्ष ऐकीवच.

आतां ‘वेड’ आलें कोठून तें पहावें. सतराव्या शतकाच्या आरंभीं विजापुरास इब्राहीम आदिलशहाच्या पदरीं महंमद कासीम फिरिस्ता यानें आपली तवारीख लिहिली. बरनीचा मजकूर त्यानें घेतला व त्यास गोष्टींची जोड दिली. बरनीच्या ग्रंथांत हिमालयांतील कराचल पर्वतावर गेलेली फौज फिरिस्त्याकडे येईपर्यंत चीन जिंकावयास निघालेली झाली. बीड येथें सुलतानाचा एक दांत पडला, तो त्यानें समारंभानें पुरविला व वर मोठी कबर बांधली, हीहि कथा त्याचीच. दाताची म्हणून दाखविण्यांत येणारी कबर बीडच्या परिसरांत अद्याप उभी आहे. फिरिस्त्याचें इंग्रजी भाषांतर जॉन ब्रिग्ज यानें १८२९ त प्रसिद्ध केलें. हा ब्रिग्ज खानदेशचा कारभार पाहून पुढें साताऱ्यास रेसिडेंट झालेला. ब्रिग्जाचा फिरिस्ता हाताशीं असलेल्या मौंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन यानें १८४१ सालीं आपला हिंदुस्थानचा इतिहास प्रसिद्ध केला, आणि त्यांत महंमदाच्या बुद्धीस कांहींसा भ्रंश झाला असावा अशी शंका प्रथमच ठसठशीतपणें मांडली. एल्फिन्स्टन पुण्याचा रेसिडेंट व १८१९ ते १८२७ पर्यंत मुंबईचा गव्हर्नर; इकडील शिक्षणाचा पाया घालणाऱ्यांत त्याची गणना. त्याचा इतिहास विद्यालयांत लागला, त्याची शंका हळूहळू सिद्धान्त झाली, आणि सिद्धान्ताचें फळ्यावर शीर्षक झालें. इसामी दौलताबादचा, फिरिस्ता विजापूरचा, ब्रिग्ज साताऱ्याचा, एल्फिन्स्टन पुण्या-मुंबईचा. दिल्लीच्या सुलतानाचें चित्र दक्षिणेंतच रंगविलें गेलें म्हणतों तें ह्या अर्थानें.

येथें एक गंमत नमूद करण्यासारखी आहे. रियासतकार सरदेसाई यांची ‘मुसलमानी रियासत’ १८९८ त निघाली. बडोद्याच्या राजपुत्रांस शिकविण्याच्या निमित्तानें केलेल्या वाचनांतून तिचा उगम झाला. म्हणजे मराठींतील ह्या काळाचा पहिला भरभक्कम इतिहास मुलांस काय सांगावें ह्याच विवंचनेंतून जन्मला. पुढें गिरीश कार्नाडांचें कन्नड नाटक ‘तुघलक’ (१९६४) विजय तेंडुलकरांच्या भाषांतरानें मराठी रंगभूमीवर आलें, आणि वर्तमानपत्रांत तर ‘तुघलकी’ हें विशेषण रोजच्या चलनांत आहे. नाणें फसलें पण विशेषण चाललें.

ग्रंथकारांस रागलोभ असतात. नाण्यास व शिलालेखास ते नसतात असें नाहीं, पण निराळे असतात. दिल्लीजवळील सरबन व नारायणा येथें विक्रम संवत् १३८४ चे, म्हणजे १३२७-२८ चे, दोन संस्कृत शिलालेख सांपडले आहेत. व्यापारी कुळांनीं विहिरी खणविल्याची त्यांत नोंद आहे. शहरांत मांजरहि उरलें नाहीं अशा अर्थाचें जें बरनी लिहितो, त्याच सुमारास हे लोक दिल्लीच्या परिसरांत पैसा घालून विहिरी बांधीत होते. म्हणून मुख्यतः अमीर, उलेमा, सूफी व त्यांचे परिवार नेले, सर्व रयत नाहीं, असें महदी हुसेन प्रभृतींनीं प्रतिपादिलें तें बरेंच ग्राह्य वाटतें. खुलदाबादेस बुऱ्हाणुद्दीन गरीब व कवि अमीर हसन सिजझी यांच्या कबरी आहेत. दिल्लीहून कोण आले याची ती दगडी यादीच होय. दुसरा लेख कल्याणचा, चालुक्यांच्या जुन्या राजधानीचा, शके १२४८ चा. धामधुमींत भंगलेल्या शिवालयाची दुरुस्ती होऊन महंमदाच्या अधिकाऱ्यांच्या परवानगीनें पूजा पुन्हां सुरू झाल्याचें त्यांत कोरलें आहे. इसामीचा धर्मभ्रष्ट सुलतान तो हाच.

नाण्यांविषयीं थोडें अधिक लिहितों, कारण मुलांच्या हातीं तींच दिलीं होतीं. हीं पितळी-तांब्याचीं सांकेतिक नाणीं हिजरी ७३० ते ७३२ (१३२९ ते १३३२) ह्या तीन सालांचींच मिळतात. त्यांवर ईश्वरकृपेची आशा धरणाऱ्या बंद्याच्या, महंमद तुघलकाच्या, कारकीर्दींत हा चालू टंका ठरला असा फारसी लेख आहे, आणि जो सुलतानाची आज्ञा पाळतो तो परमेश्वराची पाळतो असा अरबी लेख आहे. सोन्याचांदीच्या नाण्यास असा उपदेश लागत नाहीं. हिणकस धातूस तो लागला. कल्पना अपूर्व नव्हती. चीनमध्यें कागदी चलन चालत होतें, इराणांत १२९४ त तें तब्रीझ येथें बुडालें होतें. येथें बुडालें तें नाण्यावर नक्कल न करतां येण्याजोगी खूण नव्हती म्हणून. कांसार जें करूं शकतो तें टांकसाळीनें केलें होतें. घरोघर टांकसाळी झाल्या. मग सुलतानानें तीं नाणीं परत घेऊन खजिन्यांतून सोनेंचांदी मोजली, व तुघलकाबादेंत तांब्याचे ढीग पडून राहिले. दिल्ली व दौलताबाद ह्या दोन्ही तख्तांचीं नांवें ह्या नाण्यांवर येतात. म्हणजे राजधानी ‘हालविली’ असें मुलें म्हणतात, तर नाणें म्हणतें कीं राजधान्या दोन होत्या. एडवर्ड टॉमस यानें १८७१ त ह्या सुलतानास नाणीं पाडणाऱ्यांचा राजा म्हटलें, त्यांत अतिशयोक्ति फार नाहीं.

एवढें वाचून कोणी असें म्हणेल कीं, मग मुलांस तो काळाच्या पुढें गेलेला थोर राजा म्हणून शिकवावा. असें लिहिणारेहि झाले आहेत. वेड काढून थोरवी बसविली कीं पाटी तीच राहते, अक्षरें तेवढीं बदलतात. दुआबांत दुष्काळाच्या तोंडावर कर वाढविला, रयत पिकें जाळून रानांत पळाली, आणि तिची जनावरांसारखी शिकार झाली, हें बरनी लिहितो. तो बरन म्हणजे बुलंदशहरचा, त्याच मुलखांतला, आणि येथें तो ऐकीव बोलत नाहीं. बंड केलेल्या आतेभावास सुलतानानें सोलून मारविलें. कराचलच्या मोहिमेंतून बरनीच्या मतें दहा स्वार परतले, इब्न बतूताच्या मतें तिघे. आंकडे जुळत नाहींत पण फौज गेली याविषयीं दोघांचें एकमत आहे. ‘वेडा’ ह्या शब्दाचा मोठा दोष असा कीं तो ह्या माणसास निर्दोष करतो. वेड्यास जबाबदारी नसते. शिवाय त्याच्या आजूबाजूस उभे राहून शास्त्राधार काढून देणारे शहाणे त्या शब्दाआड लपतात. मुलीनें विचारलेल्या प्रश्नाचें उत्तर बरनीनें आपल्या कबुलींत देऊन ठेवलेंच आहे.

ब्रिटिश म्यूझियमच्या एका ‘तबकात-इ-नासिरी’च्या प्रतीस जोडलेलीं चार पानें सुलतानाच्या आत्मचरित्राचीं म्हणून दाखविलीं जातात; ती प्रत आतां ब्रिटिश लायब्ररींत आहे. त्यांच्या अस्सलपणाविषयीं जाणत्यांत एकमत नाहीं, म्हणून येथें तीं बाजूस ठेवलीं. वर्गांतहि ठेवलीं.

वर्गांत काय केलें तें सांगून हा लेख आटोपतों. शिक्षकांनीं फळा पुसला. एका रांगेस इसामीची हकीकत सोप्या मराठींत दिली, दुसरीस बरनीची, तिसरीस इब्न बतूताची, आणि चौथीस नाणीं. प्रत्येक रांगेनें आधीं एवढेंच सांगावयाचें : हा मनुष्य तेव्हां कोठें होता, त्याचें वय काय, लिहितांना तो कोणाच्या घरीं जेवत होता. न्याय मागाहून. इसामीची रांग फार चटकन् रागावली. एका मुलानें आपला आजाहि धरणांत गांव बुडाल्यावर नव्या जागीं महिन्याभरांत वारल्याचें सांगितलें, व कांहीं वेळ कोणी बोललें नाहीं. बरनीच्या रांगेंत भांडण झालें. जो स्वतः खोटें बोललों म्हणतो त्याचें खरें कसें मानावें, असा एकाचा आक्षेप, आणि म्हणूनच मानावें, असा दुसऱ्याचा. इब्न बतूताच्या रांगेनें आंधळ्याची गोष्ट ‘ऐकीव’ म्हणून बाजूस काढली खरी, पण ती टाकून देण्याची त्यांची तयारी नव्हती. लोक अशी गोष्ट रचतात तें कांहींतरी झालें असल्याशिवाय नव्हे, असें त्यांचें म्हणणें. नाण्यांच्या रांगेनें एकच शोध लावला, कीं नाण्यावर राजा स्वतःस बंदा म्हणवितो.

शीर्षक काय लिहावें हें शेवटपर्यंत ठरलें नाहीं. घंटा झाली तेव्हां फळ्यावर नुसतें ‘महंमद बिन तुघलक, १३२५ ते १३५१’ एवढें होतें. जातां जातां एकानें दाताच्या कबरींत दांत खरोखर आहे काय असें विचारलें, त्यावरून पुढील सहल बीडकडे न्यावी असें ठरत आहे. चारपैकीं तीन नाणीं लगेच परत आलीं. चौथें, दौलताबाद टांकसाळीचें, शेवटच्या बांकावर हातोहात फिरत होतें, तें मात्र दोनदां मागावें लागलें.